भारी स्वार, हलके वाहन

आमची थोरली बहीण, जिला आम्ही सारे भावंडे अक्का म्हणतो, ग्वाल्हेरीस लष्करात राहते. आमचे कै. भावोजी देहाने चांगले भरभक्कम होते. त्यांनी उभ्या हयातीत वाहन म्हणून एकच वापरले, ते म्हणजे बुलेट. त्याच गल्लीत त्यांच्याच तोलामोलाचे दुसरे एक गृहस्थ होते. ते मात्र लूनावर बसून कचेरीस जात. चढ लागला की ते बिचारे पेडल मारीत आणि पोरे मागून ढकलीत. हे दृश्य अक्काने वर्षानुवर्षे आपल्या ओट्यावरून पाहिले, आणि त्यातून तिचा एक सिद्धान्त पक्का झाला : भारी माणसाला गाडीही भारीच हवी.

या सिद्धान्ताची परीक्षा पाहण्याचा प्रसंग इतक्या वर्षांनी, तोही कॅनडातल्या बर्फाच्या डोंगरावर येईल, असे तिला किंवा आम्हांला कधी वाटले नव्हते.

अक्काचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, कॅलगरीस अभियंता आहे. उंची सहा फूट, वजन ११८ किलो. वडिलांचा बांधा जसाच्या तसा उचललेला. तिकडच्या मंडळींप्रमाणे त्यालाही हिवाळ्यात स्नोमोबाइल घेऊन पर्वतावर जाण्याचा छंद लागला. दोन हिवाळे त्याने मित्रांच्या नाहीतर भाड्याच्या गाड्या चालविल्या. मग स्वतःची घ्यावी असे मनात आले. घ्यावयाची ती टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर त्याचा निर्णय होईना. अक्काला त्यातले एवढेच कळले की, एक गाडी हलकी आहे व दुसरी जड. तिने ताबडतोब आम्हांस फोन केला. "अरे, तू हेडमास्तर आहेस, तुझं तो ऐकतो. त्याला सांग, काही ढंगाची, भक्कम गाडी घे म्हणावं. ती कागदासारखी नको."

खरे सांगावयाचे तर आमचेही मत त्या वेळी अक्कासारखेच होते. ते कसे पालटले, तेच येथे सांगावयाचे आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आज कॅनडा-अमेरिकेत आहेत. त्यांपैकी एखाद्याने उद्या हाच प्रश्न विचारला, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी अगदीच अनभिज्ञ असू नये.

स्नोमोबाइल हे वाहन वाचकांपैकी काहींनी गुलमर्गला पाहिले असेल. हौशी प्रवाशांना बसवून तेथे त्यावरून चक्कर मारून आणतात. पुढे दोन रुंद पट्ट्या, म्हणजे स्की. मागे रणगाड्याच्या साखळीसारखा, पण रबराचा, दात असलेला फिरता पट्टा. वर मोटारसायकलसारखी बैठक आणि हँडल. या पट्ट्याला तिकडे ट्रॅक म्हणतात. इंजिन ट्रॅक फिरविते, ट्रॅकचे दात बर्फ मागे लोटतात आणि गाडी पुढे सरते. गियर बदलावे लागत नाहीत. आपल्याकडे किनेटिक होंडा स्कूटरला जी पट्ट्यावर चालणारी, आपोआप बदलणारी योजना होती, तशीच येथे असते.

या वाहनाच्या उगमाशी एक करुण कथा आहे. क्यूबेक प्रांतातील व्हॅलकोर गावच्या जोसेफ-आर्मांद बाँबार्डिए या कारागिराचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात पोटाच्या विकाराने दगावला. इस्पितळ होते, पण रस्ते बर्फाखाली गाडले गेलेले होते. बाँबार्डिए बर्फावर चालणारे वाहन तयार करण्याच्या खटपटीत आधीपासूनच होता; ती खटपट त्या दिवसापर्यंत सिद्धीस गेली नव्हती. पुढे १९३७ मध्ये त्याने सात माणसे नेणारी बंदिस्त बर्फगाडी बाजारात आणली, आणि १९५९ मध्ये एक-दोघांना बसता येईल अशी छोटी 'स्की-डू'. गमतीची गोष्ट अशी की, या पहिल्या स्की-डूचे इंजिन फोर-स्ट्रोक होते, अवघ्या सात अश्वशक्तीचे. पण थोड्याच वर्षांत त्याची जागा हलक्या टू-स्ट्रोक इंजिनाने घेतली, आणि पुढली चाळीस वर्षे स्नोमोबाइल म्हणजे टू-स्ट्रोक हे समीकरण कायम राहिले.

आता ही दोन इंजिने. ज्यांनी चेतक, राजदूत किंवा येझ्दी चालविली आहे, त्यांना टू-स्ट्रोक समजावून सांगण्याची गरज नाही. पेट्रोलपंपावर तेल मिसळून घेणे आणि मागे निळसर धूर सोडीत जाणे त्यांच्या चांगले स्मरणात असेल. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या एकदा वर, एकदा खाली गेला की एक स्फोट पुरा होतो. म्हणजे दांडा फिरण्याच्या प्रत्येक फेऱ्यात शक्तीचा एक ठोका. फोर-स्ट्रोकमध्ये हवा आत घेणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे स्वतंत्रपणे होतात, म्हणून शक्तीचा ठोका दोन फेऱ्यांतून एकदाच. त्यासाठी झडपा, त्या उघडणारा कॅमदांडा, तो फिरविणारी साखळी, तळाशी तेलाचा साठा, असा सारा संसार बाळगावा लागतो. त्याचा मोबदला मिळतो तो पेट्रोलची बचत, स्वच्छ धूर आणि दीर्घायुष्य या रूपाने. टू-स्ट्रोकपाशी हा संसारच नाही. तो फकिरासारखा हलका, आणि त्याच आकारात जास्त जोर देणारा. मात्र तेल जाळतो, आणि दट्ट्या व त्याच्या कड्या लवकर झिजवितो.

आपल्याकडे या वादाचा निकाल रस्त्यावर केव्हाच लागला. १९८५ मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली, पुढे धुराचे नियम कडक झाले, आणि टू-स्ट्रोक स्कूटरी भंगारात गेल्या. त्यामुळे आमच्यासारख्याला वाटे की, जी गोष्ट इंदूर-ग्वाल्हेरीत मागासलेली ठरली, ती प्रगत देशात कोण वापरीत असेल?

तिकडेही एके काळी असेच वाटले होते. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात शेकडो टू-स्ट्रोक गाड्यांचा धूर इतका साचे की, पश्चिम प्रवेशद्वारावरच्या तिकिटाच्या खोल्यांत बाहेरून शुद्ध हवा सोडावी लागे. पुढे तेथे धूर आणि आवाज यांवर मर्यादा आल्या, आणि फोर-स्ट्रोक गाड्यांचेच राज्य झाले. २००३ च्या मोसमासाठी यामाहाने आपल्या वेगवान मोटारसायकलीवरून बेतलेले ९९८ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन घालून आर.एक्स.-१ नावाची स्नोमोबाइल आणली, तेव्हा टू-स्ट्रोकचे दिवस भरले असे पुष्कळांना वाटले. आखलेल्या, दाबून सपाट केलेल्या मार्गांवर ते बऱ्याच अंशी खरेही ठरले. पर्वतावर मात्र तसे झाले नाही. का झाले नाही, हे आम्ही २०२४ च्या डिसेंबरात डोळ्यांनी पाहिले.

अर्जित रजा शिल्लक होती आणि भाच्याचा आग्रह होता, म्हणून आम्ही उभयता नाताळच्या सुमारास कॅलगरीस गेलो होतो. तेथून पश्चिमेस सुमारे चारशे किलोमीटरवर, रॉजर्स खिंड ओलांडल्यावर, रेव्हेलस्टोक नावाचे गाव लागते. सेल्कर्क आणि मोनाशी या दोन पर्वतरांगांच्या मध्ये वसलेले हे गाव ब्रिटिश कोलंबियात स्नोमोबाइलवाल्यांची काशी समजले जाते. वरच्या पहाडांत वर्षाकाठी दहा मीटरहून अधिक बर्फ पडते. दहा मीटर म्हणजे आपला तीन मजली वाडा!

गावाजवळच्या बोल्डर पर्वतावर यंत्राने दाबून काढलेला मार्ग वर एका लाकडी निवाऱ्यापर्यंत जातो. आम्ही तेथवर गेलो ते एका मार्गदर्शकाच्या मागे, दोघांच्या बैठकीच्या फोर-स्ट्रोक गाडीवर बसून. त्या गाडीबद्दल आमचे मत उत्तमच झाले. आवाज माफक, धूर नाही, हातांस गरम करणाऱ्या मुठी. आणि उतारावर थ्रॉटल सोडताच इंजिन स्वतःच गाडी आवरून धरी. अक्काची बुलेट ती हीच, असे आमच्या मनात आले. भाचा आपल्या एका मित्राची डोंगरी फोर-स्ट्रोक गाडी घेऊन आला होता, आणि तो मित्र, अंगाने सडसडीत, वजन ७२ किलो, दुसऱ्याची टू-स्ट्रोक घेऊन. दाबलेल्या मार्गावर दोघेही सारखेच सहज चालले होते.

निवाऱ्याच्या पुढे एक मोकळे, जवळजवळ सपाट कुरण आहे. तेथे रात्री नवे बर्फ पडले होते, गुडघ्याच्या वर. भाच्याने मार्ग सोडून गाडी त्यात घातली. शे-दीडशे पावले गेला असेल; वळण घेताना वेग मंदावला, आणि गाडीचे तोंड जे खाली गेले ते वर येईना. त्याने जोर दिला तसतसा ट्रॅक स्वतःसाठी खड्डा खणीत गेला. तो खाली उतरला तो कमरेपर्यंत बुडाला. मग चार माणसे, दोन फावडी आणि पाऊण तास! पुढचे बर्फ उकरावयाचे, बाजूचे तुडवून घट्ट करावयाचे, स्की धरून तोंड वळवावयाचे. आणि गाडी हातभर सरकली की पुन्हा तेच. उणे नऊ अंश तापमानात भाचा घामाने निथळत होता. आम्ही मार्गावर उभे राहून पाहत होतो, आणि एवढ्या धडधाकट मुलाचा चेहरा इतका दमलेला आम्ही पूर्वी कधी पाहिला नव्हता.

जेवणानंतर दोघांनी गाड्या बदलल्या. टू-स्ट्रोकवर बसलेला आमचा ११८ किलोचा भाचा त्याच कुरणातून पलीकडे गेला आणि फिरून आला. फोर-स्ट्रोकवर बसलेला त्याचा ७२ किलोचा मित्र मात्र दुसऱ्याच वळणावर रुतला. हे पाहून आम्हांला वाटले की, हा चालविण्याच्या कसबाचा फरक असावा. भाचा म्हणाला, "नाही मामा, तो माझ्यापेक्षा चांगला चालवतो. तुम्ही गणित करून बघा."

आम्ही निवाऱ्यात परतून चहाबरोबर गणित केले. त्या वर्गातली आधुनिक टू-स्ट्रोक डोंगरी गाडी कोरडी, म्हणजे पेट्रोल-तेलाविना, दोनशे किलोच्या थोडी वर भरते. टाकीतले छत्तीस लिटर पेट्रोल म्हणजे सत्तावीस किलो. त्यात तेल व थंडावणारे द्रव धरून २४० किलो म्हणा. टर्बो लावलेली डोंगरी फोर-स्ट्रोक तिच्यापेक्षा ढोबळमानाने साठ किलो जड, म्हणजे ३००. स्वाराचे बूट, शिरस्त्राण, कपडे, फावडे, पिशवी मिळून पंधरा किलो. तेव्हा टू-स्ट्रोकवरचा भाचा : २४० अधिक १३३, म्हणजे ३७३. फोर-स्ट्रोकवरचा मित्र : ३०० अधिक ८७, म्हणजे ३८७. बर्फाच्या दृष्टीने आमचा गजराज भाचाच चौदा किलोंनी हलका ठरला होता! आणि सकाळी तो फोर-स्ट्रोकवर होता, तेव्हा ती बेरीज ४३३ वर गेली होती.

इतके झाले तरी हा हिशेब अर्धाच आहे. स्वाराचे वजन आणि गाडीचे वजन यांत एक मोठा भेद आहे, जो तराजूवर दिसत नाही. डोंगरात ही गाडी बसून चालवीत नाहीत. बाजूच्या फळ्यांवर उभे राहून, अंग एका बाजूस झोकून, गाडी तिरपी करून वळवितात. म्हणजे स्वाराचे वजन तेथे केवळ ओझे नसते, ते वळविण्याचे साधनही असते. किंबहुना गाडी आडव्या उतारावर कलती धरावयाची असते, तेव्हा भारी माणसाला थोडे झुकले तरी पुरते. हलक्याला अर्धे शरीर बाहेर काढावे लागते. शिवाय भारी स्वार मागे सरकला की त्याचा भार ट्रॅकवर पडतो, जेथे तो हवा असतो. फोर-स्ट्रोकचे अधिक साठ किलो मात्र इंजिनात, म्हणजे गाडीच्या नाकापाशी बसलेले असतात. ते मागे सरकत नाहीत, झुकत नाहीत. आणि गाडी रुतल्यावर खाली उतरून ढकलू लागत नाहीत. भाचा उतरला की गाडी १३३ किलोंनी हलकी होते. ते साठ किलो जेथल्या तेथेच राहतात, आणि ते त्यालाच उचलावे लागतात.

लूना आणि बुलेट यांचा दाखला येथे का चुकतो, तेही मग ध्यानात आले. ग्वाल्हेरचा रस्ता कितीही वजनाला खाली जात नाही. तेथे प्रश्न एकच, इंजिनाला जोर आहे की नाही. लूनाचे इंजिन पन्नास सी.सी.चे होते; लहान होते म्हणून ती हरली, टू-स्ट्रोक होती म्हणून नव्हे. आजच्या डोंगरी टू-स्ट्रोक गाडीचे इंजिन साडेआठशे सी.सी.च्या घरात आणि १६० अश्वशक्तीच्या वर असते. आपल्या चेतकचे १४५ सी.सी.चे इंजिन आठवा आणि तुलना करा.

मग ट्रॅकचा विचार. आम्ही कागदावर आणखी एक हिशेब मांडला. ट्रॅकचा जेवढा भाग बर्फावर टेकतो तो सुमारे अडतीस सेंटीमीटर रुंद व दीड मीटर लांब धरला, आणि स्कीचा आधार सोडून दिला, तरी भाचा व टू-स्ट्रोक मिळून दर चौरस सेंटीमीटरला पासष्ट ग्रॅमांच्या आसपास भार पडतो. तोच भाचा नुसता बुटांवर उभा राहिला तर दोनशे ग्रॅम. उतरताच तो कमरेपर्यंत का बुडाला, हे यावरून कळावे. ट्रॅकची लांबी इंचांत सांगतात : १४६, १५४, १६५, १७५ अशा. लांबी अकरा इंचांनी वाढली की बर्फावर टेकणारा भाग साडेपाच इंचांनी वाढतो, कारण ट्रॅकचा उरलेला भाग वरून परतत असतो. भारी स्वाराने १५४ वर समाधान न मानता १६५ घ्यावा, अगदीच खोल बर्फाच्या प्रदेशात त्याहून लांब, असे आमच्या भाच्याचे व त्याच्या मित्रांचे एकमत दिसले. लांब ट्रॅक वळावयास थोडा आळशी असतो. पण ज्याच्या अंगात वजन आहे, तो त्याला वळवू शकतो.

येथे फोर-स्ट्रोकच्या पक्षाने एक चांगला मुद्दा मांडला जाई. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते, आणि इंजिनाचा जोर हवेवर अवलंबून असतो. समुद्रसपाटीच्या मानाने दोन हजार मीटरवर हवेचा दाब चार-पंचमांशांच्याही खाली येतो, तीन हजारांवर सुमारे सत्तर टक्के. कोलोराडोचे पहाड इतके उंच आहेत की, साधे १६५ अश्वशक्तीचे इंजिन तेथे जेमतेम ११५-१२० चे उरते. हवा दाबून आत भरणारा टर्बो लावला म्हणजे ही तूट भरून निघते, आणि कारखान्यातून टर्बो लावून येणाऱ्या डोंगरी गाड्या पुष्कळ वर्षे फोर-स्ट्रोकच असत. भारी माणूस, उंच पहाड, म्हणून टर्बो, म्हणून फोर-स्ट्रोक, अशी ती मांडणी होती. आणि ती चुकीची नव्हती. पण २०२० च्या मोसमासाठी स्की-डूने कारखान्यातच टर्बो बसविलेले टू-स्ट्रोक इंजिन आणले, दोन वर्षांनी पोलारिसनेही आणले, आणि या युक्तिवादाचा कणाच मोडला. रेव्हेलस्टोकच्या उंचीवर तर टर्बोवाचूनही चालते, असे भाच्याचे म्हणणे. त्याच्या वजनाला टर्बो असता तर बरे, एवढे तोही मान्य करतो. पण किंमत ऐकून गप्प बसतो.

फोर-स्ट्रोकवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे. ज्याला मुख्यतः दाबलेल्या मार्गांवर दूरचा प्रवास करावयाचा आहे, मागे माणूस बसवावयाचा आहे, सामान ओढावयाचे आहे, त्याने स्वतःचे वजन कितीही असो, फोर-स्ट्रोकच घ्यावी. ती हजारो किलोमीटर फारशी कुरकुर न करता चालते. टू-स्ट्रोकवाल्याला काही हजार किलोमीटरनंतर दट्ट्या व कड्या बदलण्याचा खर्च मनात धरावाच लागतो. आजच्या टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल हाताने मिसळावे लागत नाही. तेलाची टाकी वेगळी असते आणि पंप लागेल तेवढेच सोडतो. पेट्रोलही आता पुष्कळ गाड्यांत थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यामुळे जुन्या स्कूटरीसारखी बरीचशी वाफ न जळताच बाहेर पडत नाही. तरीही तेल ती जाळतेच. शिवाय रुंद, मोकळ्या चढणीवर सरळ वर धावावयाचे असेल तर दोनशे अश्वशक्तीची टर्बो फोर-स्ट्रोक अजूनही मातब्बर आहे, आणि असे धावणारे भारी स्वार तिच्यावर जीव टाकतात. मात्र झाडीतून वाट काढणे, वळणे, थांबणे, पुन्हा निघणे हे ज्याला करावयाचे आहे, त्याची गोष्ट निराळी. जुनी फोर-स्ट्रोक स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : या पक्षाचा मोठा आधार असलेल्या यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा व्यवसाय सोडत असल्याचे जाहीर केले, आणि २०२५ चे मॉडेल शेवटचे ठरविले.

गाडी कोणतीही घेतली तरी भारी स्वाराचे काम तेवढ्याने संपत नाही. कारखान्यातून येणाऱ्या स्प्रिंगा मध्यम वजनाचा माणूस कल्पून लावलेल्या असतात. त्यावर सव्वाशे किलो चढले की मागची बाजू दबते, तोंड वर उचलले जाते, आणि स्की बर्फाला नीट टेकत नाहीत; मग हँडल फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून पूर्ण पोशाखात, पिशवीसकट गाडीवर उभे राहून मागची बाजू किती खाली जाते ते दुसऱ्याकडून मोजवून घ्यावे, आणि आधी असलेल्या स्प्रिंगांचा ताण वाढवून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर कडक स्प्रिंगा घालाव्यात. वजन वाढले की इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत चढत नाही, मधला पट्टा तापतो आणि तुटतो. त्यासाठी क्लचमधली वजने जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावी लागतात. उंच माणसाने हँडल थोडे वर घ्यावे, नाहीतर दिवसभर वाकून कंबर जाते. हा सारा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. पण विक्रेता तो आपणहून सांगेलच असे नाही. भाच्याला पहिल्या हिवाळ्यात कोणी सांगितले नव्हते.

अक्काच्या काळजीचा खरा विषय मात्र या सर्वांहून वेगळा होता, आणि तो आम्ही सर्वांत शेवटी विचारला : हिमस्खलन. ज्या बोल्डर पर्वतावर आम्ही चहा पीत बसलो होतो, त्याच पर्वतावर १३ मार्च २०१० रोजी स्नोमोबाइलवाल्यांच्या एका मेळाव्यावर बर्फाचा कडा कोसळून दोघांचा मृत्यू झाला होता, आणि सुमारे तीस माणसे जखमी झाली होती. कॅनडात हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्य कार्यालय याच रेव्हेलस्टोक गावात आहे. बर्फाखाली पुरला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढता आला तर जगण्याची आशा चांगली असते. पुढे ती झपाट्याने मावळते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे-घेणारे यंत्र, पाठीवर फावडे आणि बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब सळई असलीच पाहिजे, आणि ती वापरण्याचा सराव झालेला असला पाहिजे.

आम्ही विचारले, या संकटात जड गाडी अधिक सुरक्षित नव्हे का? भाचा म्हणाला, "कड्यापुढे दोनशे काय आणि तीनशे काय, मामा, दोन्ही काडीसारख्या. पण उतारावर एका वेळी एकानेच जायचं असा नियम आहे. एक जण मध्येच रुतला की दुसऱ्यानं मदतीला वर जायचं नाही. गेला तर दोघंही कड्याखाली. मग रुतलेल्यानं एकट्यानंच गाडी सोडवायची. तेवढा वेळ तो तिथंच उभा असतो."

सकाळचा पाऊण तास आमच्या डोळ्यांपुढून गेला. ते सपाट कुरण होते, आणि चौघे होते. हलकी टू-स्ट्रोकसुद्धा दुपारी एकदा रुतली होतीच. आमच्या भाच्याने मागचा हातकडा धरून एकट्याने ती बाजूस वळविली आणि दहा मिनिटांत निघाला. त्याच्या अंगातली ताकद तीनशे किलोंपुढे थिटी पडली होती, दोनशे चाळीसपुढे पुरी पडली. रात्री ग्वाल्हेरीस फोन लावून आम्ही अक्काला सांगितले की, या खेपेस तुझा सिद्धान्त आम्हांस मान्य नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकट्यानं उचलता येते ना? मग तीच घे म्हणावं. आणि एकटा जाऊ नकोस म्हणावं."

भाच्याने पुढल्या हिवाळ्याच्या तोंडावर एका हंगामाची जुनी टू-स्ट्रोक घेतली. टर्बोविना, १६५ इंची ट्रॅकची. गाडी घेण्यापूर्वी हिमस्खलनाचा दोन दिवसांचा वर्ग त्याने पुरा केला. ती अट आमची होती. उरलेल्या पैशांतून कडक स्प्रिंगा घातल्या. पर्वतावर निघण्यापूर्वी त्या दिवसाचा इशारा तो वाचतो आणि परत आल्यावर आईला फोन करतो, मग ग्वाल्हेरीस पहाटेचे पाच वाजलेले का असेनात. अक्का त्या वेळी जागीच असते.

वजनांचा तो कागद आम्ही जपून ठेवला होता; मागील भेटीत तो अक्काला दाखविला. तिने चष्मा लावून बेरजा पुन्हा करून पाहिल्या. गाडी २४०, सामान १५, स्वार ११८. मग स्वाराच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "गाडीचे साठ किलो कमी करायला एवढे पैसे घातलेन. हे इथले वीस फुकटात कमी होतील, ते कोणी सांगितलं नाही वाटतं त्याला?"

आम्ही तो निरोप जसाच्या तसा कॅलगरीस पोहोचविला. सध्या आकडा १११ वर आहे.